आत्मा अवध्य, मग हिंसा कोणाची? : हिंदू विचारातील मांसवर्जन, आत्मा आणि कर्म

प्रास्ताविक

हिंदू परंपरेतील शाकाहाराचे समर्थन बहुधा एका सोप्या अनुमानाच्या रूपाने मांडले जाते. सर्व प्राणिमात्रांत एकच आत्मा वसतो. प्राण्यास मारणे म्हणजे त्या आत्म्यास दुखावणे. म्हणून मांस वर्ज्य. प्रवचनांतून, क्रमिक पुस्तकांतून आणि वक्तृत्वस्पर्धांतून ही मांडणी इतक्या वेळा येते की तिच्यातील अडचण सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. ज्या ग्रंथांच्या आधारे सर्वांभूती एकच आत्मा असल्याचे सांगितले जाते, तेच ग्रंथ आत्मा मारला जात नाही असेही निःसंदिग्धपणे सांगतात. भगवद्गीतेच्या दुसऱ्या अध्यायात हा सिद्धान्त येतो तो अहिंसेच्या समर्थनासाठी नव्हे, तर युद्धभूमीवर शस्त्र टाकून बसलेल्या अर्जुनाला लढण्यास उद्युक्त करण्यासाठी. आत्म्यास कोणतीच इजा पोहोचत नसेल, तर पशू मारणाऱ्याने नेमके काय बिघडविले? आणि काहीच बिघडले नसेल, तर पाप कशाचे?

हा शाब्दिक कोटिक्रम नाही. प्राचीन शास्त्रकारांनी हा प्रश्न स्वतःच उपस्थित केला आहे आणि त्याची उत्तरेही दिली आहेत. ती उत्तरे एकत्र ठेवून पाहिली असता एक महत्त्वाची गोष्ट स्पष्ट होते. मांसवर्जनाच्या हिंदू युक्तिवादात आत्म्याचे स्थान मारल्या जाणाऱ्या प्राण्याच्या बाजूला फारसे नाही; ते प्रामुख्याने मारणाऱ्याच्या आणि खाणाऱ्याच्या बाजूला आहे. प्राण्याच्या बाजूने प्रश्न आहे तो शरीराचा, प्राणाचा आणि वेदनेचा. कर्त्याच्या बाजूने प्रश्न आहे तो कर्माचा, आणि त्या कर्माचे फळ पुढे भोगणाऱ्या आत्म्याचा. प्रस्तुत लेखात या दृष्टीने काही प्रमुख ग्रंथांतील विवेचनाचा परामर्श घेतला आहे. आहारशास्त्र किंवा आरोग्य यांचा विचार येथे अभिप्रेत नाही.

हिंसा म्हणजे कशाचा नाश?

या प्रश्नाचा सर्वांत नेमका ऊहापोह न्यायदर्शनात सापडतो. न्यायसूत्रांच्या तिसऱ्या अध्यायाच्या आरंभी आत्मा हा शरीराहून वेगळा आहे, हे सिद्ध करण्याचा प्रयत्न आहे. त्यातील एक युक्तिवाद पातकावर आधारलेला आहे. शरीर हाच आत्मा मानला, तर सजीव देह जाळणाऱ्यास पाप लागण्याचे कारण उरत नाही. कारण शरीर क्षणोक्षणी पालटणारे; ज्या देहाने हिंसा केली तो देह फळ मिळण्याच्या वेळी शिल्लकच नसतो. केलेले कर्म वाया जाते आणि न केलेल्या कर्माचे फळ भलत्याच्याच पदरी पडते. भाष्यकार वात्स्यायनाने हे दोन दोष 'कृतहानी' आणि 'अकृताभ्यागम' या नावांनी दाखविले आहेत. पाप असेल तर ते वाहून नेणारा कोणीतरी टिकाऊ असला पाहिजे, आणि तो म्हणजे आत्मा.

सूत्रकार येथे थांबत नाहीत. प्रतिपक्षाचा आक्षेप ते लगेच पुढच्याच सूत्रात मांडतात. आत्मा वेगळा मानला तरी पातक सिद्ध होत नाही. कारण तो नित्य आहे आणि नित्य वस्तूचा वध कोणी करू शकत नाही. म्हणजे एका पक्षी हिंसेला फळ नाही, तर दुसऱ्या पक्षी हिंसाच संभवत नाही. यावर दिलेले उत्तर भारतीय नीतिविचारातील अत्यंत काटेकोर उत्तरांपैकी एक मानावे लागेल. हिंसा म्हणजे नित्य आत्म्याचा उच्छेद, असे नैयायिक मानतच नाहीत. शरीर हे सुखदुःखाच्या अनुभवाचे अधिष्ठान आहे आणि इंद्रिये ही विषयग्रहणाची साधने आहेत. या दोहोंचा घात करणे, त्यांत वैकल्य आणणे किंवा त्यांचा समूळ नाश करणे, हीच हिंसा.

या व्याख्येचे परिणाम दूरवर जातात. प्राण्यास आत्मा आहे की नाही, तो मनुष्याच्या आत्म्याएवढाच श्रेष्ठ आहे की नाही, या वादाची गरज प्राण्याच्या बाजूने उरत नाही. तो सुखदुःख अनुभवू शकतो आणि त्याची ती क्षमता हिरावून घेतली गेली, एवढे पुरे. आत्मा लागतो तो कर्त्याला, कारण कर्माचा हिशेब त्याच्या नावावर मांडावयाचा असतो. गीतेतील अवध्य आत्मा आणि धर्मशास्त्रातील वधदोष यांच्यात जो विरोध भासतो, तो न्यायदर्शनाच्या या मांडणीत नाहीसा होतो. न्यायशास्त्र हे केवळ तर्ककर्कश शास्त्र म्हणून अभ्यासक्रमात बाजूला पडते. त्यामुळे ही सुंदर चर्चा विद्यार्थ्यांपर्यंत क्वचितच पोहोचते, हे येथे नमूद करावयास हवे.

परतफेडीची कल्पना

तत्त्वज्ञांनी इतक्या काटेकोरपणे विचार करण्यापूर्वीच, हिंसेचे फळ हिंसकाकडे परत येते ही जाणीव वैदिक वाङ्मयात प्रकट झालेली आहे. शतपथ आणि जैमिनीय या दोन्ही ब्राह्मणग्रंथांत वरुणपुत्र भृगूची कथा येते. ज्ञानाचा गर्व झालेल्या भृगूला परलोकाचे दर्शन घडते. तेथे माणसे माणसांना तोडून खात असलेली त्याला दिसतात. कोणी आक्रोश करणाऱ्याला खातो, कोणी मूकपणे बसलेल्याला. भयभीत होऊन परतलेल्या पुत्राला वरुण या दृश्यांचा उलगडा करून सांगतो. जैमिनीय ब्राह्मणातील पाठानुसार, इहलोकी यथाविधी अग्निहोत्र न करता जे लाकूड तोडतात, पशूंना शिजवितात किंवा धान्य खातात, त्यांना परलोकी ती झाडे, ते पशू आणि ते धान्य मनुष्यरूप घेऊन खातात. आक्रोश करणारे ते पशू आणि मूक ते तांदूळ व जव.

या कथेतील उपाय लक्षात घेण्यासारखा आहे. वरुण भृगूला मांस सोडण्यास सांगत नाही. विधी नीट करण्यास सांगतो. खाणारा आणि खाद्य यांची अदलाबदल होते, ही भीती तेथे आहे. परंतु तिचे निवारण यज्ञाच्या चौकटीतच शोधलेले आहे. छांदोग्य उपनिषदाच्या अखेरीसही प्राणिमात्रांची हिंसा न करण्याचा नियम सांगताना तीर्थाचा, म्हणजे शास्त्राने नेमून दिलेल्या प्रसंगांचा अपवाद ठेवला आहे.

पुढे मनुस्मृतीत हीच परतफेडीची कल्पना 'मांस' या शब्दाच्याच व्युत्पत्तीत बसविण्यात आली. ज्याचे मांस मी येथे खातो तो मला तेथे खाईल, असा अर्थ त्या शब्दाच्या दोन अक्षरांतून काढला आहे. व्याकरणदृष्ट्या ही व्युत्पत्ती टिकणारी नाही, पण ती लोकांच्या स्मरणात मात्र पक्की बसली. मनुस्मृतीचा पाचवा अध्याय याबाबतीत मोठा विलक्षण आहे. भक्ष्य प्राणी खाण्यात दोष नाही. यज्ञासाठी मारलेला पशू उच्च गती पावतो. मांस हिंसेवाचून मिळत नाही म्हणून ते सोडावे. शंभर वर्षे दरवर्षी अश्वमेध करणारा आणि मांस न खाणारा यांचे पुण्य सारखेच. मांसभक्षणात दोष नाही, पण त्यापासून निवृत्त होण्याचे फळ मोठे, अशी परस्परांशी न जुळणारी विधाने तेथे जवळजवळ आढळतात. या अध्यायातील एखादाच श्लोक उचलून मनू शाकाहारी होता किंवा मांसाहारी होता असे ठरविणे व्यर्थ आहे. प्रवृत्ती आणि निवृत्ती या दोन आदर्शांची ओढाताण त्या अध्यायात जशीच्या तशी नोंदली गेली आहे, असे म्हणणे अधिक युक्त ठरेल.

या गुंत्यातही एक गोष्ट ठळक आहे. अनुमती देणारा, कापणारा, मारणारा, विकत घेणारा, विकणारा, शिजविणारा, वाढणारा आणि खाणारा, हे सारेच मनुस्मृतीने घातक ठरविले आहेत. महाभारताच्या अनुशासनपर्वात भीष्म हाच विचार अधिक थेट शब्दांत मांडतात. विकत घेणारा धनाने मारतो, खाणारा उपभोगाने मारतो आणि मारणारा प्रत्यक्ष वधबंधनाने मारतो. खाणारेच नसते तर मारणाराही नसता. बौद्ध विनयात भिक्षूने स्वतःसाठी मारल्याचे पाहिलेले, ऐकलेले किंवा तशी शंका असलेले मांस तेवढे वर्ज्य केले आहे. बाकीच्या मांसाबाबत त्याच्यावर दोष येत नाही. भीष्मांच्या मांडणीत ही पळवाट बंद होते. बाजारातून आणलेले मांस हे कोणा एकासाठी मारलेले नसते, हा युक्तिवाद तेथे चालत नाही. मागणी हीच अनुमती ठरते.

पातंजल योगसूत्रांवरील व्यासभाष्याने या वाटणीला मानसशास्त्रीय खोली दिली. हिंसा स्वतः केलेली, करविलेली किंवा अनुमोदिलेली असते. यांतील प्रत्येक प्रकार लोभाने, क्रोधाने किंवा मोहाने घडतो. आणि लोभ, क्रोध, मोह हेही मृदू, मध्यम व तीव्र असतात. प्रत्येक टप्प्यावर पुन्हा तीन तीन भेद करीत भाष्यकार ८१ प्रकारांपर्यंत येतात आणि वस्तुतः प्रकार असंख्य आहेत असे म्हणून थांबतात. ही आकडेमोड वरवर यांत्रिक वाटते. परंतु तिच्यात दिलेली उदाहरणे मार्मिक आहेत. मांस आणि कातडे यांसाठी केलेली हिंसा ही लोभजन्य. 'याने माझे वाईट केले' या भावनेची क्रोधजन्य. आणि 'यामुळे मला धर्म घडेल' या समजुतीने केलेली हिंसा भाष्यकारांनी मोहाच्या खात्यात टाकली आहे. यज्ञीय पशुवधाचे नावही न घेता त्याच्यावर केलेला हा आघात आहे. फळाचे वर्णनही तसेच जोडीने येते. हिंसक आधी प्राण्याचे बळ हरण करतो, मग त्याला वेदना देतो आणि शेवटी त्याचा जीव घेतो. म्हणून त्यालाही क्रमाने बलहानी, यातना आणि मरण मागूनही न येणारे जिणे वाट्याला येते.

मीमांसकांचा आक्षेप

परतफेडीची ही कल्पना सर्वांना मान्य होती असे मात्र नाही. सातव्या शतकातील कुमारिल भट्टाने श्लोकवार्तिकात तिच्यावर कठोर प्रहार केला आहे. दुसऱ्याला दुःख दिले म्हणून आपल्याला दुःख मिळते, असे अनुमान केले, तर दुसऱ्याला सुख दिल्याने पुण्य लागते असेही मानावे लागेल. मग गुरुपत्नीशी व्यभिचारही, तिला त्यात सुख वाटत असल्यास, पुण्यकारक ठरेल. शिवाय जपासारख्या कृत्यात कोणाला सुखही होत नाही आणि दुःखही होत नाही, तरी ते धर्म आहे. मद्यपानात दुसऱ्या कोणाला पीडा नाही, तरी ते अधर्म आहे. तात्पर्य, धर्माधर्माचे ज्ञान परपीडेवरून होत नाही, ते केवळ वेदवचनावरून होते. हिंसा निषिद्ध आहे म्हणून पाप. जेथे तीच विहित आहे, तेथे ती पाप नाही.

कुमारिलाचा युक्तिवाद वाचताना आधुनिक वाचक अस्वस्थ होतो, परंतु त्यातील प्रश्न टाळता येण्याजोगा नाही. नीतीचा आधार समोरच्याची वेदना, की शास्त्राची आज्ञा? ब्रह्मसूत्रांच्या तिसऱ्या अध्यायात यज्ञकर्म पशुवधामुळे अशुद्ध ठरते काय, अशी शंका येते, तेव्हा शंकराचार्य मीमांसकांच्याच बाजूने उत्तर देतात. धर्म आणि अधर्म शास्त्रावरूनच कळतात. 'हिंसा करू नये' हा सामान्य नियम आणि यज्ञातील पशुवध हा त्याचा अपवाद. रामानुजाचार्यांनी येथे वेगळी वाट धरली. यज्ञातील पशू स्वर्गास जातो, म्हणून ती हिंसाच नव्हे. वैद्य रोग्याला क्षणभर वेदना देतो, तरी त्याला रक्षकच म्हणतात. या उत्तरात आज्ञेबरोबरच प्राण्याच्या कल्याणाचा विचार डोकावतो. रामानुजांना केवळ विधिवाक्य पुरेसे वाटले नसावे, अशी शंका घेण्यास जागा आहे.

सांख्यांनी तडजोड नाकारली. सांख्यकारिकेच्या आरंभीच वैदिक कर्मकांडाचा उपाय अशुद्धीने युक्त असल्याचे म्हटले आहे. वाचस्पती मिश्रांनी त्याचे स्पष्टीकरण करताना सामान्य नियम आणि अपवाद यांच्या युक्तीचाच आधार काढून घेतला. हिंसेचा निषेध 'हिंसा माणसाला अनर्थकारक आहे' एवढेच सांगतो. पशुयागाचे वचन 'हा वध यज्ञाला उपकारक आहे' एवढेच सांगते. दोन्ही विधाने एकाच वेळी खरी असू शकतात. म्हणून वध यज्ञ पूर्ण करील आणि यजमानाला पापही लावील. स्वर्ग मिळेल, पण त्यात दुःखाचा अंश मिसळलेला असेल.

यज्ञीय पशुवध पुढे बऱ्याच अंशी मागे पडला, त्याचे श्रेय या वादातील कोणा एका पक्षाला देणे कठीण आहे. जैन आणि बौद्ध यांचा दीर्घकाळचा दबाव, वैष्णव भक्तीचा प्रसार, पिठाच्या पशूचा पर्याय आणि कलिवर्ज्य प्रकरणे या साऱ्यांचा त्यात वाटा आहे. मध्वाचार्यांच्या परंपरेने पिष्टपशूचा आग्रह धरला. कलिवर्ज्यांच्या यादीत मधुपर्कातील पशुवध आणि श्राद्धातील मांस यांचा समावेश झाला. जुने वचन खोटे न ठरविता ते कालबाह्य ठरविण्याची ही पद्धत धर्मशास्त्राच्या स्वभावाशी जुळणारी होती.

धान्यातील जीव

शाकाहाराच्या समर्थकाला हमखास विचारला जाणारा प्रश्न म्हणजे वनस्पतींनाही जीव आहे, त्याचे काय? हा प्रश्न विसाव्या शतकातील विज्ञानाने निर्माण केला, असा समज आढळतो. तो बरोबर नाही. भृगूच्या कथेतील मूक धान्याचा उल्लेख वर आलाच आहे. मनुस्मृती वनस्पतींना आंतरिक संज्ञा असलेल्या आणि सुखदुःखाने युक्त मानते. शांतिपर्वातील भृगु-भरद्वाज संवादात वृक्षांना स्पर्श, श्रवण, दर्शन, गंध आणि रस यांचे ज्ञान होते हे उदाहरणांनिशी पटवून देण्याचा प्रयत्न आहे.

पुनर्जन्माच्या सिद्धान्ताने ही अडचण अधिकच वाढविली. छांदोग्य उपनिषदातील पंचाग्निविद्येनुसार चंद्रलोकाहून परतणारे जीव मेघांतून पावसाच्या रूपाने खाली येतात आणि तांदूळ, जव, औषधी, वनस्पती, तीळ, उडीद यांत प्रविष्ट होतात. मग भात कांडणे आणि शिजविणे हीदेखील या जीवांची हिंसा नव्हे काय? शंकराचार्यांचे उत्तर असे की, हे परतणारे जीव धान्यात केवळ पाहुण्यासारखे राहतात. ते शरीर त्यांचे नसते, त्यावर त्यांचा अभिमान नसतो. ज्या देहाला जीव 'माझा' म्हणतो, त्याला पीडा झाली म्हणजे तो त्यातून निघून जातो. धान्य कापले, कांडले आणि खाल्ले तरी हे जीव मार्गस्थच राहतात. म्हणजे त्या धान्यदेहाचे सुखदुःख त्यांचे नाही. निकष पुन्हा तोच आहे. आत्म्याचे निव्वळ अस्तित्व हिंसेला पुरेसे नाही. देहाशी जडलेले ममत्व आणि त्यातून येणारा भोग हवा.

तरीही प्रश्न पूर्णपणे सुटत नाही, कारण त्या भाताला त्याचा स्वतःचा जीव आहेच. जैनांनी इंद्रियांच्या संख्येनुसार जीवांची उतरंड लावून यावर व्यवस्थित उत्तर दिले आणि आहाराचे नियम त्या उतरंडीवर आधारले. हिंदू शास्त्रकारांनी अशी सर्वमान्य श्रेणी तयार केली नाही. त्यांच्याकडे अधिक करून आढळतो तो हिंसा शक्य तितकी कमी करण्याचा आदर्श. वानप्रस्थाने आपोआप गळून पडलेली फळे खावीत आणि नांगरलेल्या जमिनीतील धान्य टाळावे, हे नियम त्याच आदर्शातून आले आहेत. ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायातील अहिंसेच्या विवेचनात हा मुद्दा फार रोखठोकपणे आला आहे. पर्जन्यासाठी पशुयाग करणे म्हणजे हिंसा पेरून अहिंसेच्या पिकाची वाट पाहणे होय, असे ज्ञानेश्वर सुचवितात. एका जिवाच्या औषधासाठी झाडे मुळासकट उपटणे आणि त्यांच्या साली सोलणे यालाही ते राहती घरे मोडून देऊळ बांधण्याच्या पंक्तीला बसवितात. मूळ हिंसा मनात असते आणि तेथून ती वाणीत व हातात उतरते, हा त्यांच्या विवेचनाचा गाभा आहे. ते मांसाविषयी थांबून बोलत नाहीत. पण मनात कणव असलेल्या माणसाचे चालणे, पाहणे आणि बोलणे यांचे जे वर्णन ते करतात, त्यानंतर ताटाचा प्रश्न वेगळा उरत नाही.

हत्या आणि विटाळ

आतापर्यंतचे विवेचन हिंसेचे झाले. परंतु हिंदू समाजातील प्रत्यक्ष आहारनियम एवढ्यावर उभे नाहीत. त्यांना दुसराही आधार आहे आणि तो शौचाचा आहे. मनुस्मृतीने लसूण, कांदा आणि अळंबी द्विजांना वर्ज्य केली आहेत. लसणीचा पाकळी-पाकळीने वध होतो म्हणून नव्हे, तर ती अपवित्र मानली म्हणून. अहिंसेचा नियम खाल्ल्या जाणाऱ्याचा विचार करतो. शौचाचा नियम खाणाऱ्याचा. दोन्ही नियम एकाच ताटात येत असल्याने त्यांची गल्लत होते. हिंदू आहारविचाराच्या अध्यापनात हा भेद प्रथम सांगितला जावा, इतका तो मूलभूत आहे.

शौचाच्या बाजूचा तात्त्विक आधार छांदोग्य उपनिषदात आहे. अन्नाचा सूक्ष्म अंश मन बनतो, हे श्वेतकेतूला पंधरा दिवस उपाशी ठेवून पटविले आहे. उपवासाने त्याला पाठ केलेल्या ऋचाही आठवेनात. त्याच उपनिषदात आहारशुद्धीने सत्त्वशुद्धी आणि त्यातून स्मृती स्थिर होते, असे सनत्कुमार नारदाला सांगतात. तेथील 'आहार' शब्दावर भाष्यकारांत मतभेद आहे. शंकराचार्यांच्या मते आहार म्हणजे इंद्रियांनी आत घेतलेले सर्व विषय. रागद्वेषांविना विषय ग्रहण करणे ही आहारशुद्धी. रामानुजांनी मात्र अन्न हाच अर्थ घेऊन जाती, आश्रय आणि निमित्त या तीन दोषांपासून मुक्त अन्नाची अपेक्षा ठेवली. गीतेच्या सतराव्या अध्यायातील सात्त्विक, राजस व तामस आहारांच्या वर्णनात मांसाचा उल्लेखच नाही, ही गोष्टही पुष्कळदा नजरेआड होते. स्निग्धता, तिखटपणा, शिळेपणा, उष्टेपणा या तेथील कसोट्या आहेत. 'अमेध्य' या एका शब्दात मांस बसविता येते; पण ते टीकाकाराचे काम आहे, मूळ ग्रंथाचे नव्हे.

हा भेद केवळ ग्रंथांपुरता राहिला असता तर बिघडले नसते. सामाजिक व्यवहारात त्याने फार मोठे नुकसान केले. हिंसेच्या निकषाने पाहिले तर आपोआप मेलेल्या जनावराचे मांस खाणारा कोणालाच मारत नाही. त्याचा दोष ताजे मांस विकत घेणाऱ्यापेक्षा कमी ठरावयास हवा. प्रत्यक्षात हिंदू समाजाने मृत जनावरे ओढण्याचे काम ज्यांच्यावर लादले आणि दारिद्र्यामुळे ज्यांना तेच मांस खावे लागले, त्यांना सर्वांत खाली ढकलले. बकरा विकत घेऊन खाणारी घराणी मात्र गावात मानाने राहिली. म्हणजे उतरंड लावताना कसोटी हिंसेची वापरली नाही, विटाळाची वापरली. आणि समर्थन करताना मात्र नाव अहिंसेचे घेतले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४८ साली प्रसिद्ध केलेल्या अस्पृश्यांविषयीच्या ग्रंथात अस्पृश्यतेचा उगम गोमांसाशी जोडताना गाय मारणे आणि मेलेल्या गाईचे मांस खाणे यांतील फरकाकडे लक्ष वेधले आहे. त्यांची ऐतिहासिक उपपत्ती सर्व संशोधकांनी स्वीकारलेली नाही. परंतु हा फरक मात्र निर्विवाद आहे. १९२७ च्या महाड परिषदेत त्यांनी मृतमांस सोडण्याचे आवाहन केले ते स्वाभिमानाच्या भूमिकेतून. कर्मसिद्धान्ताचा आधार त्यांना घ्यावासा वाटला नाही, याचे कारण या इतिहासात आहे. पूर्वजन्मीच्या कर्माने हीन आहार वाट्याला येतो आणि हीन आहाराने पुन्हा हीन जन्म मिळतो, अशी वर्तुळाकार मांडणी ज्यांच्या माथी मारली गेली, त्यांना त्या सिद्धान्तातून न्याय मिळण्याची आशा कोठून असणार?

मिथिलेतील मांसविक्रेता

परंपरेत या प्रश्नाची जाण अगदीच नव्हती असे नाही. वनपर्वातील धर्मव्याधाची कथा याची साक्ष आहे. कौशिक नावाचा तपस्वी ब्राह्मण आपल्या नुसत्या क्रुद्ध दृष्टीने एका बगळीचा जीव घेतो. पुढे एका पतिव्रतेच्या सांगण्यावरून तो धर्म शिकण्यासाठी मिथिलेस जातो आणि तेथे त्याचा गुरू मांसाच्या दुकानात बसलेला आढळतो. व्याध स्वतः प्राणी मारीत नाही, इतरांनी मारलेल्या प्राण्यांचे मांस विकतो आणि स्वतः मांस खात नाही. मनुस्मृतीच्या यादीप्रमाणे तो घातकच ठरतो. तो आपला व्यवसाय चांगला आहे असेही म्हणत नाही; पूर्वकर्माने तो वाट्याला आला आहे आणि त्याचा दोष आपण जाणतो, असे तो सांगतो.

पण त्याचे पुढचे बोलणे ब्राह्मणाला निरुत्तर करणारे आहे. नांगरणीत भूमीतील असंख्य जीव मरतात. धान्याचे दाणेही जीवच आहेत. चालताना, बसताना, निजताना माणूस जीव मारीत असतो. अहिंसेला वाहिलेले यतीदेखील हिंसा करतातच, प्रयत्नाने ती कमी होते एवढेच. महाभारतकाराने ही भूमिका व्याधाच्या तोंडी घातली आणि श्रोता म्हणून मांस न शिवणारा, परंतु क्रोधाने पक्षी जाळणारा ब्राह्मण निवडला. योगभाष्याच्या वर्गीकरणात ती बगळी क्रोधजन्य हिंसेची बळी ठरते. कर्माचा निकष मनापर्यंत नेला की दुकानात बसलेला आणि तपाला बसलेला यांची जागा बदलू शकते. अर्थात या कथेचा उपयोग मांसाहाराच्या समर्थनार्थ करणेही चुकीचे आहे, कारण स्वतः व्याध मांस खात नाही. ही बाब तिचा दाखला देणारे पुष्कळदा वगळतात.

आजचा व्यवहार या साऱ्या मतांचे मिश्रण आहे. प्यू संशोधन केंद्राने २०१९-२० मध्ये भारतातील सुमारे ३०,००० प्रौढांची पाहणी करून २०२१ साली जे निष्कर्ष प्रसिद्ध केले, त्यांनुसार ४४ टक्के हिंदू स्वतःला शाकाहारी म्हणवितात. ७७ टक्के हिंदू कर्मावर विश्वास ठेवतात; पुनर्जन्मावर विश्वास ठेवणारे मात्र ४० टक्केच आहेत. ज्या आत्म्याच्या खात्यावर नैयायिकांनी कर्माचा हिशेब मांडला, त्याच्या पुढच्या जन्माची खात्री नसतानाही कर्माची धास्ती टिकून आहे, असा याचा अर्थ लावता येईल.

त्याच पाहणीनुसार, पूर्ण शाकाहारी नसलेले बहुसंख्य लोकही काही दिवशी किंवा काही प्राण्यांचे मांस टाळतात. महाराष्ट्राला आणि गोव्याला याचे नवल वाटण्याचे कारण नाही. गळ्यात तुळशीची माळ घालणारा वारकरी मांस कायमचे सोडतो. सारस्वतांच्या घरी मासळी नित्याची असते, तरी सोमवारी ती चुलीवर चढत नाही. कोकणातल्या कितीतरी घरांत श्रावणभर मासळीची भांडीसुद्धा वेगळी ठेवली जातात आणि श्रावण संपला की बाजार पुन्हा भरतो. सुशिक्षितांत या सवडीच्या शाकाहाराची थट्टा होते. योगभाष्याने मात्र त्याला नाव देऊन ठेवले आहे. जाती, देश, काळ आणि प्रसंग यांनी मर्यादित झालेली अहिंसा सांगताना भाष्यकारांनी पहिले उदाहरण कोळ्याचे घेतले आहे. तो मासे मारतो, पण इतर कोणत्याही प्राण्याला इजा करीत नाही. तीर्थक्षेत्री मारणार नाही, चतुर्दशीला मारणार नाही, अशी इतर व्रते त्याच्यापुढे मांडली आहेत. या मर्यादा गळून पडल्या की तीच अहिंसा महाव्रत होते. भाष्यकारांनी कोळ्याच्या अहिंसेला अपुरी म्हटले आहे. ती अहिंसा नव्हे, असे म्हटलेले नाही.